सुरी न धरायच्या दिवशी कापलेला पाव

माझी सून इंगा हिच्याबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. पहिली ही, की ती भांडत नाही. अकरा वर्षांत तिनं मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही. मी बोलते, ती ऐकते, भांडी पुसते. चेहरा असा, की बाहेर गारा पडताहेत आणि त्या थांबेपर्यंत आत बसायचं आहे. नॉर्वेवाल्यांची मुलगी. त्यांच्या घरात म्हणे जेवताना घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

दुसरी तक्रार पावाची. आमच्याकडे पाव उलटा करायचा, सुरीच्या टोकानं तळावर क्रूस ओढायचा, मग पाव छातीशी धरून सुरी आपल्याकडे ओढत तुकडा काढायचा. माझी आई असंच करायची, तिची आईही. इंगा पाव फळीवर आडवा टाकते आणि सुतारासारखी करवत चालवते. क्रूस नाही की काही नाही. मी सांगून थकले. ती ऐकून थकली नाही.

आणि एवढं सगळं असूनही, अकरा सप्टेंबरच्या त्या दुपारी मला तिचीच वकिली करावी लागली.

आमचं गाव खरं गाव नाही. माळावरच्या शेतांतून आठ घरं चाकांवर घालून इथं आणली आणि त्यांचं म्युझियम केलं आहे. एक लाकडी चर्च आहे, एक लोहाराचं छप्पर, आणि अर्धं जमिनीत खणलेलं एक खोपट. समुद्रापलीकडून आलेल्या आमच्या लोकांनी पहिल्या हिवाळ्यात तसल्याच खोपटात दिवस काढले. मे ते सप्टेंबर आम्ही पणज्यांचे कपडे घालतो, चूल पेटवतो, भिंती शेणामातीनं सारवतो, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. मी खोपटात बसून लोकर कातते. मागच्या महिन्यात एका मुलीनं मला बोट लावून पाहिलं, मी मेणाची आहे का म्हणून.

त्यातलं एक घर आमचं, सोरोकांचं. मी त्या घरात लग्न करून आले. आता तिथं इंगा दिवसभर पाहुण्यांना चूल दाखवते.

अकरा सप्टेंबर हा आमच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे हेरोद राजानं संत योहानाचं शिर कापवलं तो दिवस. त्या दिवशी आम्ही सुरी धरत नाही. गोल काहीच कापायचं नाही. कोबी नाही, कांदा नाही, सफरचंद नाही. पाव हातानं मोडायचा. सकाळी दहाला चर्चमध्ये प्रार्थना होती, सव्वाअकराला संपली. सगळ्यांनी मिळून पाव मोडायचा म्हणून मी पुढं होऊन आमच्या घरात गेले.

दार उघडं होतं. खिडकीखालच्या काचेच्या पेटीचं झाकण वर होतं. आत निळं मखमल, आणि मखमलीवर काही नव्हतं.

तिथं माझ्या सासूची पोवळी असतात. लालभडक, तीन पदरी. सासूबाईंनी ती जहाजातून झग्याच्या आत बांधून आणली. आमच्या मूळच्या डोंगराकडे एका पदराला बैलजोडी मिळायची. त्यांनी ती माझ्या लग्नात माझ्या गळ्यात घातली, आणि मी ती चार वर्षांपूर्वी म्युझियमला, लोकांना बघायला म्हणून दिली.

पेटीची किल्ली मरियेच्या तसबिरीमागं असते. ती आताही तिथंच लटकत होती.

टेबलावर मी आदल्या दिवशी भाजून ठेवलेला मोठा गोल पाव. त्यावरचं कापड बाजूला पडलेलं. पावाचा एक तुकडा कापून ठेवलेला, आणि शेजारी सुरी.

माझ्या मागं पावलं वाजली. एक जोरात, एक हळू. माझी नणंद तेक्ला. मागच्या वर्षी सबंध सप्टेंबर गुडघा बदलून घ्यायला सॅस्कॅटून शहरातल्या दवाखान्यात होती. तेव्हापासून एका पायानं चालते आणि दोन कानांनी ऐकते. बाहेर ऊन एवढं की लोहार बनियनवर काम करत होता, आणि हिनं काळी लोकरीची शाल हनुवटीपर्यंत गुंडाळलेली.

"आज पाव कापला कोणी?" ती म्हणाली.

मग म्हणाली, "आणि पोवळी कुठं आहेत?"

तिच्या मागून नेस्टर प्रिस्ताय आला. आमच्या कमिटीचा अध्यक्ष. पन्नाशीचा आहे, आवाज देवळातल्या घंटेचा आणि जीव चिमणीचा. त्यानं पेटी पाहिली, पाव पाहिला, आणि खुर्चीवर बसला.

"या घरात काम कोण करतं, युस्तिना काकू?"

"तुला माहीत आहे कोण करतं."

"आपल्यातलं कोणी आज सुरी धरेल?"

"नाही."

"मग झालं तर," तेक्ला म्हणाली. "आपली बाई मेली तरी आज पाव कापणार नाही. कापणारी एकच आहे इथं."

नेस्टर उठला आणि इंगाच्या गाडीकडे गेला. तिला विचारलंही नाही. गाडीचं मागचं झाकण उघडलं तर आत दोन भरलेल्या बॅगा. एक तिची, एक मुलांची. त्यानं दोन्ही उचकल्या. पोवळी नव्हती. पण भरलेल्या बॅगा म्हणजे लोकांना पोवळ्यांपेक्षा मोठा पुरावा.

"दोन वाजेपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. "मग पोलिसांना फोन. काकू, तुम्ही घरातल्या आहात. तुम्हीच काढा तिच्याकडून."

पोलिसांचं मला काही नव्हतं. पण आमच्या भागात एकदा चोर म्हटलं की ते नातवंडांपर्यंत जातं. एकोणीसशे तेवीस साली कोणी कोणाचा घोडा नेला हे लोक अजून सांगतात, आणि त्या घरच्या पोरींना अजून चांगली स्थळं येत नाहीत. इंगाची मुलं सोरोका आहेत. माझी नातवंडं आहेत.

मी इंगाला खोपटात नेलं. आत गार असतं, आणि भिंती तीन फूट जाड.

"पोवळी घेतलीस?"

"नाही."

"सकाळी होती?"

"साडेआठला होती. काच मीच पुसली."

"घर सोडून कधी गेलीस?"

"नऊ वीसला. ऑफिसात फोन करायला."

"परत?"

"परत नाही आले. घंटा झाली तशी सरळ चर्चमध्ये. शेवटच्या बाकावर बसले."

"ऑफिसात तुला कोणी पाहिलं?"

"नाही. मी रडत होते. कोणी नसावं म्हणूनच तिथं गेले."

"फोन कुणाला?"

"माझ्या आईला."

"आणि बॅगा?"

ती भिंतीवरची माती नखानं खरवडायला लागली. मी लोकरीची टोपली पायानं बाजूला सारली.

"बॅगा कशाला भरल्यास, इंगा?"

"जायचंय म्हणून. तीन वाजता शाळेतून मुलांना घेऊन आईकडे जाणार आहे. तुमचा मुलगा कापणीच्या मशीनवर आहे, ओस्ताप, त्याला संध्याकाळी तिथून फोन करणार."

"किती दिवस?"

"दिवसांसाठी नाही. कायमची."

"का?"

"तुमच्यामुळे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटायला हवं होतं. ते नंतर वाटलं. आधी वाटलं, आहे म्हणजे हिला जीभ.

"माझ्यामुळे म्हणजे?"

"आई, मला ते आत्ता सांगायचं नाही. यादी लांब आहे आणि तुम्हाला दोनपर्यंतच वेळ आहे."

"बरं. पाव कापलास?"

"मी?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मागच्या वर्षी याच दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात कोबीला सुरी लावली. तुम्ही काय केलंत आठवतं?"

आठवत होतं. मी तिच्या हातून सुरी घेतली, कोबी कोंबड्यांना फेकला आणि नेस्टरच्या बायकोसमोर म्हणाले, की हेरोदाच्या घरात तुझी जागा रिकामी आहे, तिकडे जा. स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो.

"आज सकाळी मुलांना सफरचंदं अख्खी दिली," इंगा म्हणाली. "धाकट्याचा पुढचा दात हलतोय. तो रडला. तरी अख्खंच दिलं. आज मी सुरीचा खण उघडलेला नाही."

"हे नेस्टरला का नाही सांगितलंस?"

"त्यानं विचारलं नाही. त्यानं बॅगा उचकल्या."

मी तिला तिथंच बसवून आमच्या घरात परत गेले. नेस्टर दारात पहाऱ्याला उभा होता, जणू चोर विसरलेलं काही न्यायला परत येणार होता.

मी पाव हातात घेतला. कापलेला तुकडा तसाच होता, कोणी चावलेला नाही. काप सरळ नव्हता, चंद्रकोरीसारखा आत वळलेला होता. पाव उलटा केला. भाजताना चुलीतल्या फरशीवर टाकलेलं पीठ तळाला चिकटलेलं असतं. त्या पिठात दोन ताजे ओरखडे होते, एक उभा, एक आडवा. कापायची फळी भिंतीवर खिळ्याला टांगलेली. मी तिच्यावरून हात फिरवला. एक कणही नाही, हाताला नुसती धूळ लागली.

"नेस्टर, या वस्तूंना कोणी हात लावला?"

"कोणी नाही. मी काय मूर्ख आहे?"

"ते मी विचारलं नाही. सकाळी तू कुठं होतास?"

"माझ्यावर संशय आहे काकू तुमचा?"

"माझा सगळ्यांवर आहे. वय झालं की वेळ असतो."

"आठपासून फाटकावर. शनिवारच्या मळणीसाठी यंत्राचा पट्टा घेऊन माणूस आला होता, त्याच्याबरोबर. दहाला दोघंही चर्चमध्ये आलो. विचारा त्याला."

"मागच्या वर्षीची कोबीची गोष्ट तुला माहीत आहे?"

तो जरा लाजला. "बायकोनं घरी येऊन सांगितली. जेवताना एकदा, झोपताना एकदा. कमिटीच्या सभेतही."

"तेव्हा सभेला कोण कोण होतं?"

"सगळे. तेक्लाबाई सोडून. त्या दवाखान्यात होत्या ना. त्या परत आल्या तोवर मिशा हुसर शेतकऱ्याच्या डुकराचा विषय निघाला होता, कोबी मागं पडला."

"आणि ऑगस्टमधला कागद?"

"कोणता? तुमच्या सहीचा? हंगाम संपला की पोवळी इंगाला द्यायची, तो? कपाटात आहे. साक्षीला मी आणि तेक्लाबाई." तो थांबला. "इंगाला माहीत आहे ना ते?"

"नाही."

"सांगितलं नाहीत? का?"

"सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं मी आता मरायला टेकले."

नेस्टरनं डोकं खाजवलं. "म्हणजे पोवळी आपल्यालाच मिळणार आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. मग चोरायला मोकळी."

"बरोबर. आणि दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असून आवडलं नसेल, तर तोही मोकळा."

त्याला कळलं नाही. मी चर्चकडे निघाले.

तेक्ला वेदीवरची कापडं घडी घालत होती. तिच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या असतात. हे मी तिला कधी सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

"बोलली का ती?" तिनं विचारलं.

"बोलली. तू सकाळी कुठं होतीस?"

"मला विचारता, वहिनी?"

"सगळ्यांना विचारते."

"इथंच. आठपासून. मेणबत्त्या, पुस्तकं, फुलं. तुमच्या घराकडे फिरकलेच नाही."

"पावाला हात लावलास?"

"उपास आहे माझा. पाण्याचा घोट घेतलेला नाही, पावाला कशाला हात लावू?"

"छातीवर पांढरं काय आहे?"

तिनं खाली पाहिलं. शालीच्या काठाखाली काळ्या चोळीवर आडवा फिकट पट्टा होता.

"मेण असेल." तिनं हातानं झटकला. तो गेला.

"आणि शाल? या उन्हात?"

"घसा धरलाय. दोन दिवस झाले."

"सकाळी तू 'प्रभू दया कर' म्हणताना खिडक्या हलल्या."

"देवाच्या कामाला देव घसा देतो." तिनं घडी खाली ठेवली. "वहिनी, जाऊ दे ना तिला. ओस्तापला दुसरी मिळेल. पोवळी काय, सापडतील कुठंतरी. ती आपल्यातली नव्हतीच. आज पाव कापला यावरून कळलं नाही तुम्हाला?"

मलाही आधी तेच कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. तेच मला खटकत होतं. पोवळी चोरायला पाव कशाला कापावा लागतो?

पावणेदोनला मी तिघांना आमच्या घरात बोलावलं. इंगा चुलीपाशी उभी राहिली, नेस्टर दारात, तेक्ला बाकावर. मी पाव टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बसले, कारण माझे गुडघे अजून जुनेच आहेत.

"फोन करू?" नेस्टर म्हणाला.

"आधी ऐक. मग हवा तर कर. चोराला पोवळी हवी होती. किल्ली तसबिरीमागं, दोन मिनिटांचं काम. मग तो पाव का कापेल?"

"भूक लागली असेल."

"तुकडा खाल्लेला नाही. हा पाव खायला कापलेला नाही, दाखवायला कापलाय. आजच्या दिवशी सुरी कोण धरतं? परकी बाई. म्हणजे पाव पाहिला की सगळ्यांनी इंगाकडे बघावं, एवढ्यासाठी. आणि आपण बघितलं. मीसुद्धा."

"पण तिनंच कापला असेल तर?"

"तिनं कापला असता तर फळीवर कापला असता. अकरा वर्षं मी ते बघते आणि चिडते. फळी बघ, धूळ आहे तिच्यावर. आणि काप बघ. फळीवर सरळ येतो. हा वळलाय. छातीशी धरून आपल्याकडे ओढला की असा वळतो." मी पाव उलटा केला. "आणि हे बघ."

नेस्टर वाकला. त्याला लगेच कळलं. त्याची आईही आमच्याच डोंगरातली.

"क्रूस," तो म्हणाला.

"ज्यानं हा पाव कापला तो आज नियम मोडत होता. दुसऱ्याच्या नावावर घालायला मुद्दाम मोडत होता. पण हातानं सवयीनं आधी क्रूस ओढला. साठ वर्षं ओढलाय. हाताला कोण सांगणार, की आज तू परकीचा हात आहेस म्हणून?"

तेक्ला बाकावर ताठ बसली होती.

"म्हणजे कापणारा आपल्यातला," मी म्हणाले. "आता दुसरं. कापणाऱ्याला वाटलं, इंगाला आजचा नियम माहीत नाही किंवा पर्वा नाही. पण मागच्या वर्षी मी तिला असं बोलले, की ती आज माझ्या नातवाला सफरचंदसुद्धा कापून देत नाही. नेस्टर, हे तुला माहीत होतं. तुझ्या बायकोमुळे सगळ्या कमिटीला माहीत होतं. तू असतास तर तू दुसरी युक्ती काढली असतीस."

"मी असतो तर," नेस्टर म्हणाला आणि पुन्हा पावाकडे वाकला.

"ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस. मागच्या सप्टेंबरात जो इथं नव्हता."

तेक्ला म्हणाली, "दवाखान्यात जाणं हा गुन्हा आहे का आता?"

"नाही. छातीवर पीठ असणं हाही नाही. पण मेण झटकून जात नाही, तेक्ला. मेण नखानं खरवडावं लागतं. पीठ जातं. ज्या बाईनं सकाळपासून पावाला हात लावला नाही, तिच्या छातीवर पावाच्या तळाचं पीठ आडवं कसं लागलं? आणि एक सांग. तू दारात आलीस तेव्हा तुझ्या आईची पोवळी गेली होती, पेटी सताड उघडी होती. तू आधी पावाचं विचारलंस. मी पाव बघावा याची तुला घाई होती."

"शोधा मग," ती म्हणाली. "माझी खोली शोधा. थैली शोधा. चर्च शोधा."

"खोलीत नाहीत. ती इथंच आहेत."

मी उठले, फळीवरून हंसाच्या चरबीची बरणी काढली. ती पाहुण्यांना दाखवायला ठेवतात, पण चरबी खरी असते.

"घसा धरलाय ना? शाल सोड. चोळून देते."

"नको."

"तुझ्या आईच्या घशाला तू हीच लावायचीस."

"वहिनी, हात लावू नका."

"मग तू सोड."

मग तेक्लानं हात वर केले. शालीचा एक वेढा काढला, दुसरा काढला. चोळीचं वरचं बटण सोडलं. तिच्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या मानेवर तीन पदर होते. एवढे लाल मी ते माझ्या लग्नानंतर पाहिले नव्हते.

"काचेत मरत होती," ती म्हणाली. "पोवळ्यांना अंग लागतं. अंग नसलं की फिकी पडतात. चार वर्षं मी रोज येऊन बघत होते, रोज थोडी फिकी. तुम्हाला दिसलंही नाही."

"म्हणून चोरलीस?"

"माझ्या आईची आहेत ती. नऊ वर्षं मी तिला उचललं, पुसलं, भरवलं. लग्न केलं नाही. पोवळी मुलीला जातात, वहिनी, सगळ्या गावात मुलीला जातात. तिनं तुमच्या गळ्यात घातली, कारण तुम्ही सोरोकांना मुलगा देणार होतात. मी तेव्हाही मेणबत्त्या धरून उभी होते."

"मला हवीत, असं कधी म्हणाली का नाहीस?"

"म्हटलं असतं तर दिली असती?"

मी विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती.

"नसती दिली."

"मग? आणि आता तर कागदावर सही. त्या लूथरच्या पंथवालीला. साक्षीला मला बसवलंत. माझ्याच हातात पेन दिलंत."

ते खरं होतं. मी मुद्दाम बसवलं होतं. नेस्टर माझ्याकडे बघायला लागला, म्हणून मी तेक्लाकडेच बघत राहिले.

"माझ्याशी भांडण होतं तर माझ्यावर घालायचंस. तिच्यावर का?"

"ती जाणारच होती. सकाळी गाडीच्या मागच्या काचेतून बॅगा दिसल्या. जाणाऱ्यावर घातलं तर कोणाचं काय जातं?"

"तिच्या मुलांचं नाव जातं. सोरोकांचं नाव. तुझंही तेच नाव आहे."

तिनं मानेमागं हात नेऊन गाठ सोडली आणि पोवळी टेबलावर, पावाशेजारी ठेवली. मी उचलली तेव्हा ती गरम होती.

"पोलिस?" नेस्टरनं हळूच विचारलं.

"पोलिसांना काय सांगशील? की दुसऱ्याच्या बॅगा तू कोणत्या कायद्यानं उचकल्यास? ही रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभी राहील आणि सांगेल, पोवळी कोणी घेतली आणि पाव कोणी कापला. तेवढं पुरे. तिच्यासाठी पोलिसांपेक्षा ते वाईट आहे. आणि तू बॅगांचं सांगशील."

तेक्ला उठली. शाल हातातच राहिली. एक पाऊल जोरात, एक हळू, अशी ती बाहेर गेली. तिची मान उघडी होती आणि ती झाकायला तिनं हात वर केला नाही. अगदी सासूबाईंची मान. इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

नेस्टर तिच्या मागं गेला. जाताना इंगाला काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही किंवा तिनं ऐकलं नाही.

मी पोवळी इंगापुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

"ही तुझी आहेत. ऑगस्टपासून."

"मला नकोत."

"का?"

"यांच्यासाठी एका बाईनं मला चोर केलं. दुसरीनं मला न सांगता ती माझ्या नावावर केली, नणंदेला चिडवायला. मी यात कुठं आहे, आई? मला मधे धरून तुम्ही दोघी एकमेकींना मारताय."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा तीनला सुटते, आणि रस्ता अर्ध्या तासाचा. तिनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

मी पोवळी पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि तिच्याकडे वळले.

"थांब. निकाल ऐकून जा," मी म्हणाले. "पोवळी नको तर नको, ती कुणाच्या मानेवर लाल दिसतात ते मी आणि तेक्ला बघून घेऊ. चोर तू नाहीस, हे रविवारी तेक्ला सांगेल, आणि तिनं नाही सांगितलं तर मी सांगेन. हेरोदाच्या घराचं मी नेस्टरच्या बायकोसमोर बोलले, तर परतही तिच्याचसमोर घेईन, म्हणजे ते गावभर जाईल. माफी मला मागता येत नाही, ती माझ्याकडून मिळणार नाही. पण ओस्ताप आज मशीनवरून उतरून रिकाम्या घरात येईल आणि मला विचारेल, तेव्हा मी त्याला सांगेन, की तुझी बायको पळून गेली नाही, तिला तुझ्या आईनं घालवलं. अकरा वर्षं लावून घालवलं. आणि चूक तुझ्या आईची आहे."